कोणी हादरलं नाही

देवास, चैत्रातला शुक्रवार, १९५२. दिवेलागण.

उद्या धारला परत निघायचंच. मोटर मिळाली नाही तर पायी. पण आधी आजचं.

हादरवणे हा माझा लाडका शब्द. मामाकडे आल्यापासून शांतावहिनीला तोच पढवत होतो. ती मामाची विधवा सून, माझ्याच वयाची. आज घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. म्हटलं, "वहिनी, तुम्हीपण बायकांत बसा, कपाळ पुढे करा. हादरवून सोडा सगळ्यांना."

पेटीतलं निळं लुगडं नेसून ती खरंच गेली. मी तमाशा बघायला ओसरीवर बसलो. पन्हं आलं होतं, पण वेलची जास्त.

तिने कपाळ पुढे केलं. मामीचा हात करंड्यावर थांबला. वाटलं, आता आरडाओरड. पण मामी हसली. "बरं झालं आलीस. हे उष्टे पेले तेवढे विसळून आण." बायका पुन्हा लग्नांच्या गप्पांना लागल्या. कुणी साधं कुजबुजलंसुद्धा नाही.

म्हणजे कुणाला हादरवायचं तर आधी त्याने आपल्याला माणसात धरायला हवं? हे मला कुठे ठाऊक होतं. की होतं?

थोड्या वेळाने वहिनी ओसरीवर पेला घेऊन आली. कपाळ कोरडं, हात ओले.

"घ्या भाऊजी. झाली ना मजा?"

पन्हं गार होतं. वेलचीही आता बरी लागली. एका घोटात संपवलं आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला.

"आणखी आहे?"