नावासाठी एकच ओळ

माय, कापसाचं मुख्य पीक निघून गेल्यावर तेच झाड पाणी देऊन राखलं आणि त्यावर पुन्हा कापूस घेतला, तर त्या पिकाला काय म्हणतात? चार अक्षरं, तिसरं 'द'. मला हे आलं नाही. मी घरातली पहिली पदवीधर, तेलंगणात निर्मल गावी मुलींच्या वसतिशाळेत रोज फूल, परागकण आणि फळ शिकवते, आणि तरी हे आलं नाही. पेपर मी टपालानं मागवते, तो दोन दिवस शिळा येतो. त्यातलं बक्षिसाचं कोडं मंगळवारपासून टेबलावर पडून होतं, बाकी सगळं भरलेलं, ही तीन घरं तेवढी रिकामी. दिवसभर मी तेलुगूत बोलते. खोलीवर आल्यावर मराठी ऐकू येते ती फक्त मी कोड्यातली वाक्यं मोठ्यानं वाचते तेव्हा. दादा हैदराबादला आहे, त्याचा फोन येतो, जेवलीस का विचारतो आणि ठेवतो. मोबाइलवर शोधलं असतं तर शब्द मिळालाही असता. पण आपला नियम तुझाच होता, की कोडं बसल्या जागी सोडवायचं आणि अडलं तर शेजारी जो बसला असेल त्यालाच विचारायचं. माझ्या शेजारी कोणी नाही.

आदिलाबादच्या बाजारात तुझी भाजीची जागा चहाच्या टपरीला लागून. पैनगंगेपलीकडून सकाळच्या बसनं मराठी पेपर टपरीवर यायचा, दुपारपर्यंत सगळ्यांचा वाचून व्हायचा, मग टपरीवाले काका तो तुला भाजीखाली अंथरायला द्यायचे. मी शाळेतून येते, दप्तर पोत्यावर टाकते, आणि तू घडी केलेला पेपर मांडीखालून काढतेस. "कोडं झाल्याबिगर मी भेंड्याखाली घालत नाई," असं गिऱ्हाईकासमोरच म्हणतेस. तुला अक्षर वाचता येत नव्हतं. मी वाचायचे, तू पालकावर पाणी शिंपडत ऐकायचीस. शब्द मनात आला की बोटांच्या पेरांवर मोजायचीस, पुटपुटत, आणि एखादं पेर जास्त झालं की मान हलवायचीस. "नाई बसत. दुसरं पाहू." राजधान्या, नद्या, शास्त्रज्ञ माझ्या वाट्याला. बैलगाडीचे भाग, दाण्यांची मापं, नात्यांची नावं, पाखरं, रोगांवरचा पाला, हे सगळं तुझं. लग्नाआधी तू जैनथकडच्या खेड्यात कापूस वेचलेला, त्यामुळे शेतातला कुठलाही शब्द तुला विचारायचा अवकाश. या वेळी ती तीन घरं रिकामी राहिली ती याच कारणानं.

कोड्यातून मला जे कळायचं ते मी तुला सांगायचे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात म्हटलं तेव्हा तू हातातली मेथीची जुडी तशीच धरून राहिलीस. "तीन? मंग बिचाऱ्याले घोरबी तिप्पट." टोमॅटो मूळचे आपले नाहीत, समुद्रापलीकडून आले, हे तर तू महिनाभर गिऱ्हाइकांना सांगितलंस. "माही पोरगी सांगून राह्यली, हे फॉरेनचे हायेत." शेजारच्या कांदेवाल्या मावशी म्हणाल्या, "मंग विमानातून उतरले तवाच पिचकले असतीन." तू इतकी हसलीस की पदर तोंडाला लावावा लागला.

मी दहावीला होते त्या वर्षी बक्षिसाचं कोडं आपण पूर्ण केलं. मी मोजलं नव्हतं, पण निम्म्याहून जास्त शब्द तुझे होते. कुपनावर मी माझं नाव लिहिलं. दोन आठवड्यांनी ते कोड्याच्या भरलेल्या चौकटीसोबत छापून आलं, आणि तू तो पेपर भाजीखाली घातला नाहीस. येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून दाखवत होतीस, कधी कधी उलटा धरून. एक निवृत्त गुरुजी वांगी घ्यायला आले होते. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मला विचारलं, "सगळे शब्द तुलाच आले का गं?" तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हणाले, हो, सगळे. तू मान खाली घातलीस आणि तराजूत आणखी एक वांगं टाकलंस. घरी जाताना रस्ताभर मला रडू येत होतं. तू टोपली डोक्यावर घेऊन पुढे चालत होतीस, मागे न बघता म्हणालीस, "रडून काऊन राह्यली? लिवलं तं तूच. अन् नाव लिवाले जागाबी एकाचीच असल ना." रागावली असतीस तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी मी इंटरला, अकरावीत असताना तू गेलीस. अकरा वर्षांत बाजाराच्या त्या ओळीत मी पाय ठेवला नाही. मुलींना वर्गात सांगते, ज्यानं शिकवलं त्याचं नाव घ्यायला लाजू नका. त्या ते वहीत लिहून घेतात.

काल रविवारी बसनं आदिलाबादला गेले. टपरी आहे, काका नाहीत. तुझ्या जागेवर फुलवाला बसतो. कांदेवाल्या मावशी मात्र तिथंच होत्या, केस पांढरे झालेत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आली का व बाई? आमी मेल्यावर येणार होती का?" मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले, पेपर उघडला आणि प्रश्न वाचून दाखवला. त्या कांद्याची सालं झटकत म्हणाल्या, "फरदड. आता कोनी घेत नाई तसं, अळी पडते. तुह्या मायला इचारलं असतं तं झोपेत सांगितलं असतं." मी पेरांवर मोजलं. बसलं. मग त्या म्हणाल्या, "तुहं नाव छापून आलं तो कागद तिनं शेवटपर्यंत गल्ल्याच्या डब्यात ठेवला होता. फाटला तं मला म्हने, मधातल्या चार शब्दांवर बोट ठेवून, हे माहे हायेत." तुला वाचता येत नव्हतं, माय. त्या कागदावर मी तुला तुझ्या शब्दांची घरं दाखवली होती, एकदाच. तू त्यातल्या चारांची जागा लक्षात ठेवलीस.

कुपनावर अजूनही नावासाठी एकच ओळ असते. तुझं नाव रेशनकार्डावर तेलुगूत आहे, मृत्यूच्या दाखल्यावरही तेलुगूत. मराठीत ते मी कधी लिहिलंच नव्हतं. काल रात्री लिहिलं. व्यवसाय, भाजी विकणे. पत्ता माझ्या खोलीचा. या कोड्यातले बाकीचे शब्द तुझे नाहीत, म्हणजे हेही खोटंच, आणि हे मी वर्गात सांगणार नाही. हे पत्र वहीतच राहील. कुपनाचं पाकीट मात्र आज सकाळी शाळेत जाताना टपालाच्या लाल पेटीत टाकलं.