तुझ्या फोटोचा बोर्ड

जळकोट
१२ फेब्रुवारी २०२६

चि. शिवप्रिया,

आण्णाचा आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल. काळ्या शेळीला दोन करडं झाली, त्यातलं एक तुझ्या आईच्या मागंमागं घरभर फिरतं. तुझी मैत्रीण समृद्धी उद्या मुंबईला निघतेय, तिच्या हाती हे पत्र आणि शेंगाची चटणी देतोय. फोनच करणार होतो. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "बरं आण्णा" म्हणून मोकळी होतेस. ते "बरं" या वेळी ऐकायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

स्टँडवरच्या बोर्डाचा फोटो मीच तुला पाठवला होता. 'जळकोटच्या सुकन्येची आंतरराष्ट्रीय बँकेत निवड!' खाली शुभेच्छुकांची एवढी गर्दी की तुझाच फोटो बारका झाला. हैदराबादकडं जाणाऱ्या गाड्यांतूनही दिसावा म्हणून तो वळवून बांधून घेतला. मेंढरं राखणाऱ्याची नात, एसटी कंडक्टरची लेक. मिरवायचं नाही तर काय करायचं? सखूकाकू तर पासबुकच घेऊन आली.

"पोरगी ब्यांकेत लागली न्हवं? मग एवढं भरून आनाया सांग की तिला."

"काकू, तिची बँक पासबुकवाली न्हाय. तिथं आख्ख्या कंपन्याच विकतेत आन् घेतेत."

"म्हंजी जनावराच्या बाजारातला दलालच की!"

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

खरं तर तू तिथं होकार दिलेला नाहीस, नुसतं बोलावणं आलंय, हे मला माहीत होतं. दुसरं बोलावणं उन्हावरच्या आणि वाऱ्यावरच्या विजेच्या प्रकल्पांना कर्ज जुळवून देणाऱ्या कंपनीचं आहे, हेही तू सांगितलं होतंस. ते बोर्डावर कसं लिहायचं कळेना. मग मी आपल्याच मनानं बँक लिहून टाकली.

परवा तुझी आई भाकरी थापताना बोलून गेली. तू तिला म्हणालीस म्हणे, "आण्णांनी बोर्ड लावलाय, आता दुसरीकडं कशी जाऊ? सोमवारी बँकेलाच होकार देते." मी तसाच उठून स्टँडवर गेलो आणि तो बोर्ड पुन्हा वाचला.

दिवाळीत आपण महांतप्पाच्या माळावर गेलो होतो, आठवतं? त्याच्या रानात पवनचक्की उभी करायचा करार आला होता. तू दगडावर बसून तो वाचलास. रस्ता कुणाच्या बांधावरून जाणार, वारा पडला तर हप्ता कशातून जाणार, उद्या कंपनी दुसऱ्यानं घेतली तर महांतप्पाचं भाडं कोण देणार... तू विचारत होतीस आणि कंपनीचा माणूस घाम पुसत होता. महांतप्पानं मला कोपर मारलं, "वैजूआण्णा, ही तुमचीच का वो?"

शिवा, फेटे मी पुष्कळ बांधून घेतले, पण एवढी छाती कधी फुगली नव्हती. बँकेचं सांगताना तू पगार सांगतेस, सिंगापूर सांगतेस. माळावर तू काम सांगत होतीस. फरक मला तेव्हाच कळला होता. बोर्डाच्या नादात कळून न कळल्यासारखं केलं.

बँकच मनात असेल तर खुशाल जा, मी बॅग भरायला येतो. पण माझ्या तोंडाकडं बघून जाऊ नकोस.

काल सकाळी स्टँड भरलेलं असताना मीच शिडी लावून बोर्ड उतरवला. चहावाला सिदू ओरडला, "आण्णा, पोरीची नोकरी गेली का वो?"

म्हटलं, "न्हाय रं. म्या परस्पर ठरवलीवती, ती उतरवली. आता तिची ती ठरवंल."

तो बोर्ड कडब्याच्या गंजीवर टाकलाय, तुझा फोटो वरच्या अंगाला ठेवून. बांबू मात्र जागेवरून हलवलेले नाहीत. नवा बोर्ड छापायला सांगितलाय. तुझं नाव, तुझा मोठा फोटो आणि खाली एक ओळ कोरी. तिथं तू सांगशील तेच लिहिणार. कितीही अवघड असू दे, पाठ करीन आणि सगळ्या स्टँडला समजावून सांगीन.

सोमवारी, त्या मोकळ्या बांबूंखाली फोन हातात घेऊन उभा असेल

तुझा आण्णा