चौदा कणसांसाठी मनाई हुकूम मिळणेबाबत

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी साहेब,
बोरखडी, जि. अमरावती.

अर्जदार : खुशालराव नारायणराव मोहोड, वय ५८, धंदा शेती, रा. चिंचखेड बारव, ता. बोरखडी.

विषय : माझ्याच वावरात पाहुण्यांना हुरडा खाण्यास सक्त मनाई करणारा लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : आपला मंगळवारचा व्हॉट्सॲप संदेश, "रविवारी येतोय, बारा जण आहोत, आगटी पेटवून ठेवा."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की, माझे पावणेतीन एकर वावर महामार्गाला लागून आहे. जमीन काळी, विहिरीला पाणी बरे. रस्त्याला लागून असणे एवढाच तिचा दोष आहे. मोझरीला दर्शन घेऊन अमरावतीकडे परतणाऱ्या मंडळींना आमच्या धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, आले की नेमकी भूक लागते.

२. सदर वावरात कपाशीच्या मधोमध ज्वारीच्या सहा ओळी आहेत. हे हुरड्याचे देशी वाण माझी पत्नी पार्वताबाई हिने लग्नात बार्शीटाकळीकडच्या माहेराहून पदराला बांधून आणले होते. तेव्हापासून दरसाल ती सगळ्यांत भरदार कणसे बियाण्याला राखते, दाणे राखेत घोळून मडक्यात भरते. माहेरी आता चोहीकडे सोयाबीन आहे. यंदा मृगात पेरलेले पावसाअभावी मोडले, दुबार पेरणीत मडके रिकामे झाले. म्हणजे हे बियाणे आज फक्त उभ्या पिकात आहे, दुसरीकडे कुठेही नाही, ही बाब कृपया लक्षात घ्यावी.

३. दिवाळी झाल्यापासून दर रविवारी पाहुणे येत आहेत. पहिल्या रविवारी अकोल्याची भाची रश्मी तिच्या बँकेतील मंडळींसह आली. त्यातील एक गृहस्थ खाटेवर आडवे होऊन म्हणाले, "काका, तुमची मजा आहे राव. ना बॉस, ना ट्रॅफिक. पेरलं की झोपायचं, सरकार देतंच." त्या वेळी मी त्यांच्यासाठी गोवऱ्या फुंकीत होतो, धूर डोळ्यांत गेला होता. हेच गृहस्थ जाताना "घरचंच तर आहे" असे म्हणून दोन पिशव्या भरून घेऊन गेले. शहरात हुरडा पार्टीचे तिकीट काढून खाणारा माणूस आमच्या बांधावर आला की त्याला ज्वारी आपोआप उगवते असे का वाटते, याचा आपल्या खात्याने एकदा अभ्यास करावा.

४. येथे अर्जदाराकडून एक चूक झाली, ती प्रामाणिकपणे नमूद करतो. बियाण्याची कणसे चुकून मोडली जाऊ नयेत म्हणून पार्वताबाईने त्यांना जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या बांधल्या. पाहुण्यांचा समज असा झाला की ही खास त्यांच्यासाठी राखलेली आहेत. त्यांनी नेमकी तीच मोडली. मला विचारलेही होते, "ही आमच्यासाठी ना?" आणि मी हसून "हो, हो, तुमच्यासाठीच" म्हणालो. विचारणारे आपणच होता साहेब, तारीख १७ नोव्हेंबर. आपण हुरडा खाता खाता देशी वाण जपण्यावर चांगले पाऊण तास बोललात. फार सुंदर बोललात. तेवढ्या वेळात लाल चिंधीची एकतीस कणसे संपली.

५. त्या दिवशी गाड्या गेल्यावर पार्वताबाई मला म्हणाली, "तुमाले तोंड देल्लं कायले देवानं? वावर हाये का धर्मशाळा?" नंतर ती आगटीजवळ बसून राखेतले करपलेले दाणे वेचत राहिली. भाजलेला दाणा उगवत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. तरी वेचत होती. मले ते पाहवलं नाही. (पुतणी मंजुषा हा अर्ज शुद्ध करून देत आहे. हे वाक्य मात्र मी तिला तसेच ठेवायला सांगितले.)

६. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मी वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीचा अर्जही भरला. पंचनामा करणारा वनरक्षक मोठा सज्जन माणूस. त्याला रानडुकराचे किंवा रोहीचे, म्हणजे नीलगाईचे, खूर कुठे आढळले नाहीत, कागदी प्लेटा आणि पाण्याच्या बाटल्या आढळल्या. "काका, रोही चटणी मागत नाही," असे म्हणून त्याने अर्ज परत केला. त्याचेही बरोबर आहे. तोही जाताना चार कणसे खाऊन गेला. मीच भाजून दिली.

७. आपण म्हणाल, मग सरळ नाही म्हणावे. साहेब, वावरात आलेल्या माणसाला रिकाम्या तोंडी लावून देणे आमच्या सात पिढ्यांना जमलेले नाही. ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कसे जमावे? आपल्या कार्यालयाचे मात्र तसे नाही. नाही म्हणण्याचा आपल्याकडे दांडगा अनुभव आहे, त्यासाठी छापील नमुनेसुद्धा आहेत, आणि सरकारने नाही म्हटले तर कोणाला राग येत नाही, सवय झालेली आहे. करिता एक नकार मला द्यावा. गोल शिक्का असलेला कागद मी धुऱ्यावरच्या बाभळीला टांगीन आणि पाहुण्यांना म्हणेन, "काय करता भाऊ, वरून आदेश आहे." त्यांनाही पटेल, माझाही मान राहील.

८. आज रोजी बियाण्याजोगी चौदा कणसे शिल्लक आहेत. पार्वताबाईने चिंध्या सोडून टाकल्या असून ती कणसे कोणती, हे तिने मलाही सांगितलेले नाही. ती पक्की वाळायला अजून वीस दिवस लागतील. आपण रविवारी सहकुटुंब जरूर यावे. भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा, सारे होईल. फक्त हुरडा मागू नये.

आदेश शनिवारी संध्याकाळपर्यंत मिळावा ही कळकळीची विनंती. उशीर करू नये साहेब, कारण मी मला ओळखतो. रविवारी गाडी धुऱ्याशी थांबली, लहान लेकरे उतरली आणि आपण एकदा "काय खुशालराव" म्हणालात, की सगळ्यांत भरदार दिसतील ती कणसे, म्हणजे त्या चौदांतलीच, मी स्वतःच्या हाताने मोडून आणीन. आणि भाजून देताना हसत असेन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,

(सही)
खुशालराव नारायणराव मोहोड
चिंचखेड बारव
दि. ५ डिसेंबर २०२४

सोबत : १) सात-बारा उतारा.
२) मनाई आदेशाचा मसुदा, एक पान. मंजुषाने टाइप केला आहे, आपली सही तेवढी बाकी आहे.