मेन स्विच

प्रिय दादा,

बाबा फोनवर येत नाहीत म्हणून तू चिडला आहेस. आंघोळीला गेलेत, झोपलेत, शेजारी गेलेत, अशा थापा मारून मीही आता थकले. एक माणूस दिवसातून कितीदा आंघोळ करेल! ते रुसलेले नाहीत रे. तुझ्याशी बोलायचं त्यांना धाडस होत नाही.

वहिनी गेल्यावर तू तिचे फोटो आणि आवाजातले सगळे निरोप बाबांच्या कॉम्प्युटरवर ठेवलेस आणि फोनमधून काढून टाकलेस. जवळ राहिले तर दिवसभर तेच ऐकत बसेन, म्हणालास. बाबांनी ती ठेव जिवापाड जपली. तू येणार म्हणून परवा ते सगळं नीट लावायला बसले होते. काम झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर बंद करायला घेतला, पण तो बंद व्हायला वेळ घेत होता. त्यांना बाहेर जायचं होतं. घर सोडताना मेन स्विच पाडायचा, ही त्यांची जुनी सवय तुला माहीत आहेच.

परत येऊन चालू केला, तर काळ्या पडद्यावर अक्षरं धावायला लागली. कॉम्प्युटर आपली डिस्क तपासून दुरुस्त करत होता. पण बाबा जन्माचे वायरमन. काही विपरीत दिसलं की आधी वीज तोडायची. या सवयीने त्यांनी माणसं वाचवली आहेत. त्यांनी पुन्हा स्विच पाडला, पुन्हा चालू केला, पुन्हा तीच अक्षरं, पुन्हा स्विच. दर वेळी दुरुस्ती अर्धवट राहिली आणि नुकसान वाढत गेलं.

शेवटी चादरीत गुंडाळून ते कॉम्प्युटर माझ्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन आले. मी डिस्कची नक्कल काढली आणि नकलेवरच काम केलं, मूळ डिस्कला धक्का लावला नाही. फोटो बरेचसे मिळाले, नुसती फाइलींची नावं गेली. आवाजाचं मात्र काहीच हाती लागलं नाही. एका निरोपात वहिनी खाकरते, पुढे नुसती खरखर. मी दुकानाचं शटर ओढून खूप रडले.

तू तिचा आवाज ऐकायलाच येतो आहेस, हे मला ठाऊक आहे. दारात उभ्याउभ्या कळू नये म्हणून लिहिलं. तुला चुकवायला बाबांनी आत्याकडे जायची बॅग भरली आहे. मी त्यांना अडवेन. रडायचं ते तिथेच रडून घे, माझ्यावर ओरड. पण घरात आलास की पहिली हाक त्यांना मार. मी कळवलंय हे त्यांना माहीत नाही. त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगू दे, आणि तू पहिल्यांदाच ऐकतो आहेस असं ऐक.

तुझीच,
चिमणी