गाडीचा ताप

तीर्थस्वरूप वर्डावन्संना ट्वायलाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर ऐकेल तितकंच. उरलेलं तुम्ही मनानं धरून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे, यजमानांच्या पायाचा अंगठा अजून सुजतो का, आणि ती लंगडी मेंढी आहे की खाल्लीत, ते सविस्तर कळवा. इकडे सगळं क्षेम आहे असं आधीच लिहून टाकते, म्हणजे पत्राची रीत पाळल्यासारखी होईल. मी सहावीतून बीटच्या शेतात गेले ती परत शाळेकडे फिरकले नाही, तेव्हा काही उलटसुलट लिहिलं गेलं तर हसू नका. हे पत्र मी बफेलो गावच्या जत्रेत, आमच्या ट्रेलरमध्ये, पिठाच्या पिंपावर बसून लिहितेय. आणि माझ्या कढईपुढे या घडीला हार्लन टिब्ज उभा आहे. हो, तोच, काडीवरच्या सॉसेजवाला. पाच वर्षं माझ्या जागेवर डोळा ठेवून असलेला माणूस माझ्या कोपऱ्यात, माझ्या तेलात, त्याचे सॉसेज तळतोय. हे कसं झालं ते सांगायलाच पत्र लिहितेय. आणि याचं मूळ, स्पष्ट बोलते, राग मानू नका, तुम्ही आहात.

नाताळात तुम्ही तुमच्या भावाला ते यंत्र पाठवलंत. काडेपेटीएवढं, स्टिअरिंगखाली खोचलं की फोनमधल्या अॅपवर गिअरबॉक्सच्या तेलाचा ताप फॅरनहाइटच्या आकड्यात दिसतो. हेतू चांगलाच असणार, मी नाही म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी ट्रेलर ओढत डोंगर चढताना आमचा गिअरबॉक्स जळला आणि नवा बसवायला तुमच्या भावाला होडी विकावी लागली, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता हा जळला तर विकायला होडी उरलेली नाही. पण वन्सं, यंत्र आलं आणि तुमचा भाऊ पहिल्या बाळाच्या बापासारखा करायला लागला. जानेवारीत, बाहेर नाकातलं पाणी गोठत असताना, बंद ट्रकमध्ये जाऊन बसायचा, किल्ली फिरवून ताप बघायचा आणि घरात येऊन सांगायचा, "अगं, आज सहाच आहे." जसं काही ट्रक शाळेला पाठवायचाय. मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा या माणसानं माझ्या कपाळाला हात लावून विचारलं होतं, "कॉफी संपली का गं?"

तर गुरुवारी सकाळी वर्लंडहून निघालो. मागे ट्रेलर, त्यात माझी कढई, गॅसच्या टाक्या, सफरचंदांची सहा पोती, पीठ, साखर. म्हणजे ट्रकच्या पाठीवर हत्ती. जत्रेच्या फाटकाजवळचा कोपरा अकरा वर्षं माझा आहे. आत शिरणारा माणूस पहिला वास माझ्या सफरचंदाच्या भज्यांचा घेतो आणि मग त्याला दुसरं काही सुचत नाही. पण नियम असा की गुरुवारी चारच्या आत ट्रेलर मैदानात उभा पाहिजे. चार वाजून एक मिनिट झालं की कोपरा त्याचा, जो आधी हजर. त्या जागा वाटणाऱ्या बाई घड्याळ हातात धरून बसतात. सख्ख्या आईला सोडायच्या नाहीत.

टेन स्लीपच्या घाटाची चढण लागल्यावर तुमच्या भावानं दर वळणाला आकडा वाचायला सुरुवात केली. एकशे नव्वद. दोनशे चार. दोनशे बारा. त्यानं स्वतःचा कायदा केलाय, दोनशे वीसच्या वर गेला की थांबायचं, अडीचशेला तेल जळायला लागतं. मी म्हटलं बरं. आणि मग बरोबर मेडोलार्क तळ्याच्या वळणावर (वळणावर म्हणजे वळणावरच, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही) हे म्हणतात, "दोनशे चोवीस. थांबावं लागणार." वन्सं, मी अडाणी असेन, आंधळी नाही. गेल्या वर्षी यंत्र नव्हतं तेव्हा याच वळणावर त्यांना वास येत होता. त्याच्या आदल्या वर्षी याच वळणावर आवाज येत होता. (त्या वर्षी मी थांबू दिलं नाही आणि पुढे गिअरबॉक्स जळला, पण तो योगायोग.) आवाज झाला, वास झाला, आता आकडा. तळं मात्र तेच. एवढ्या मोठ्या डोंगरात गाडीला ताप भरायला एकच जागा सापडते आणि नेमके तिथेच ट्राउट मासे असतात! मी काही बोलायच्या आत पिठाच्या पिंपामागून गळ बाहेर आला. तो कुणी ठेवला म्हणून विचारलं तर म्हणे, "असेल तिथेच मागच्या वर्षीपासून." माझं पिठाचं पिंप दर महिन्याला घासलं जातं.

मी ट्रकची किल्ली काढून एप्रनच्या खिशात टाकली, फोन हातात घेतला आणि म्हटलं, जा, पकडा मासे, दोनशेच्या खाली आला की हाक मारते. आणि बसले आकड्यावर नजर ठेवून. थोडा वेळ पडद्यावर नुसतंच एक चक्र गोल गोल फिरत होतं, मग आकडा आला. दोनशे सव्वीस. मग दोनशे एकोणतीस. मग दोनशे तेहतीस! वन्सं, गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात, आणि ताप चढतोय. चुलीवरून उतरवलेलं दूध उतू जातं का कधी? मला सगळं लख्ख कळलं. हा माणूस फोनमध्ये काहीतरी करून ठेवतो. मासे लागेपर्यंत आकडा खाली येत नाही.

मी काठावर गेले. काय बोलले ते लिहीत नाही, शेवटी तुमचा भाऊ आहे. पलीकडच्या काठावरच्या माणसानं गळ गुंडाळून घर गाठलं, यावरून समजा. तुमच्या भावानं सगळं ऐकून घेतलं, फोन हातात घेतला, बघितला आणि म्हणाला, "किल्ली कुठाय?"

"माझ्या खिशात."

"मग ही गाडी कुणाची?"

म्हणजे असं, वन्सं, की ही स्वस्तातली यंत्रं सगळी एकाच साच्यातली. नाव तेच, परवलीचा आकडाही तोच, एक दोन तीन चार. आपली गाडी झोपली की फोन शेजारी जी जागी असेल तिच्याशी गप्पा मारायला लागतो. (असले फोन आणि असले पुरुष.) आम्ही दोघं वर आलो तर आमच्या शेजारी, मघाशी नव्हता तो ट्रक. इंजिन सुरू, काचा बंद, मागे सॉसेजचा ट्रेलर, आत टिब्ज सँडविच खातोय आणि त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला थंड हवा लावलीय. ट्रकच्या पोटाखाली लाल तेलाचं बशीएवढं थारोळं. आकडा दोनशे एक्केचाळीस. ताप त्याच्या गाडीला होता.

खोटं कशाला बोलू, मी आधी मनात हिशेब मांडला. टिब्जला सांगितलं नाही तर तो पुढे जाणार, चढावर गिअरबॉक्स जळणार आणि माझा कोपरा माझाच राहणार. मला काही करायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. पण गिअरबॉक्स जळल्याचा वास मी एकदा घेतलाय. तो वैऱ्याच्याही नाकात जाऊ नये. मी काचेवर टिचकी मारली.

"हार्लन, तुझ्या गिअरबॉक्सला ताप चढलाय. तेल गळतंय. बंद कर आणि तासभर थांब."

त्यानं सँडविच खाली ठेवलं, मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाला, "ट्वायलाबाई, तुम्ही मला थांब म्हणताय, म्हणजे मी आत्ताच निघायला हवं."

"अरे बाबा, यंत्रात दिसतंय."

"यंत्र माझ्याकडेही आहे. वर्डानं पाठवलंय नाताळात. पण बघत कोण बसतंय? मला गाडी बुडाखाली कळते." आणि गेला. आयुष्यात एकदा वैऱ्याशी खरं बोलले तर ही किंमत! (आणि वन्सं, ती यंत्रं जोडीनं मिळत होती म्हणालात, तेव्हा दुसरं कुणाला दिलंत हे मी विचारलं नव्हतं. आता कळलं.)

आमचा ताप उतरल्यावर निघालो. दोन मैलांवर टिब्ज रस्त्याच्या कडेला उभा, टोपी हातात, मागे रस्त्यावर लाल रेघ, आणि तो वास. आता डोंगरावर थांबलेल्या गाडीला ओलांडून जाणाऱ्याला इथे कुणी परत दारात उभं करत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. थांबलो. त्याचा ट्रेलर ओढणं शक्य नव्हतं, पण सॉसेज उन्हात सडले असते, म्हणून ते सगळे माझ्या शीतपेटीत भरले. टिब्ज आमच्या दोघांच्या मध्ये बसला आणि कुत्रं माझ्या मांडीवर. त्यानं एवढंच म्हटलं, "बाई, तुम्ही खरं सांगत होता." मी म्हटलं, "सवय नाही ना तुला."

तोवर तीन वाजायला आले होते. फोन माझ्याच हातात होता. शेवटचा चढ लागला आणि तुमच्या भावानं विचारलं, "किती?"

फोनवर दोनशे बावीस होते. खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं, वन्सं, देवाशपथ. मला समोर त्या घड्याळवाल्या बाई दिसल्या आणि तोंडातून बाहेर पडलं, "दोनशे एक."

पुढच्या वळणावर पुन्हा "किती?" दोनशे चौतीस होते. मी म्हटलं, "दोनशे एक." टिब्जनं फोनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं. मी त्याला म्हटलं, "हार्लन, तुझे सॉसेज गारच राहायला हवेत ना रे?" त्यानं तोंड मिटलं. दोनशे सेहेचाळीसला तुमच्या भावानं काच खाली केली, बाहेर नाक काढून वास घेतला, काच वर केली. "किती म्हणालीस?" "दोनशे एक." "बरं," म्हणाला आणि पुढे पूर्ण रस्ताभर एकदाही विचारलं नाही. मग घाटमाथा आला, उतार लागला आणि चारला दहा कमी असताना माझा ट्रेलर माझ्या कोपऱ्यात उभा राहिला. टिब्जनं टोपी काढून कोपरा पाहिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, अर्धा पुरेल मला." देणं भागच होतं. बघा, कसा हसतोय. माझी भजी बाजूला ढकलून सॉसेज पुढे मांडलेत.

तर विनंती एवढीच. टिब्जचा ट्रेलर आणि ट्रक अजून डोंगरावरच आहेत. तुमच्या यजमानांचा तो मोठा डिझेल ट्रक तिकडे जिलेटमध्ये नुसता उभाच असतो. तो घेऊन त्यांनी यावं आणि टिब्जला माझ्या कोपऱ्यातून उचलून त्याच्या गाडीसकट न्यावं. जेवायला भजी देईन. अंगठ्याला सोसत असतील तितकी.

तुमची धाकटी भावजय,
ट्वायला

ता. क. यजमानांना सांगा, टिब्जचं झालं की परत इकडे येऊन आमचाही ट्रेलर घरी न्यावा लागेल. शनिवारपासून आमचा ट्रक पुढे जात नाही. मागे मात्र छान जातो. तुमचा भाऊ म्हणतो तेल बदलून बघू. मी म्हटलं बघा.

आणखी एक ता. क. वरचं सगळं राहू दे, खरं पत्र आता लिहिते. शेजारच्या सरबतवाल्या बाईंनी काल मला दाखवलं की ते अॅप सगळ्या प्रवासाची रेघ काढून ठेवतं. तळ्याच्या वळणावर खरोखरच दोनशे चोवीस होते. म्हणजे तुमचा भाऊ खरं बोलत होता. (सत्तावीस वर्षांत मला कुणी पूर्वसूचना द्यायला हवी होती.) पण त्याच रेघेत पुढे तो शेवटचा चढही आहे, आणि तिथे दोनशे एक कुठेच नाही, तिथे नुसती लाल भिंत उभी आहे. यंत्र तुमचं, तेव्हा ती रेघ पुसायची कशी हे तुम्हालाच ठाऊक असणार. उलट टपाली कळवा. त्या बदल्यात, तरुणपणी तुम्हाला नाचाला नेणाऱ्या टिब्जला तुम्ही इतक्या वर्षांनी भेट का पाठवता, हे मी यजमानांना विचारणार नाही.

शेवटचं. हे लिहीत असतानाच तुमचा भाऊ मागच्या दारानं आला. सकाळपासून त्याच्याकडेच असलेला फोन माझ्या एप्रनच्या खिशात टाकला आणि म्हणाला, "तुझ्याकडेच ठेव गं. त्यात आता काही बघण्यासारखं उरलेलं नाही." आणि मला एक भजं द्यायला सांगून, ते खात, कोपऱ्यातली गर्दी बघत उभा राहिला, हसत. जो माणूस थंडीत ट्रकमध्ये बसून ताप बघायचा, तो आपणहून फोन देतो? मला संशय येतोय, वन्सं. तुम्ही त्याला काही बोललात का?