सकाळी काय खाल्लंस?

प्रिय चिमणे,

फोनवर मला नीट रागावता येत नाही, तू मध्येच हसवतेस. म्हणून लिहायला बसले. तुझी ती मुलाखत ऐकली. एरवी तू लोकांना विचारतेस, या खेपेला तुला कुणीतरी विचारणार होतं, म्हणून आम्ही दोघं शेगडी बंद करून, फोन टेबलावर उभा करून बसलो. ज्यांच्याकडे बघायला मोठ्या वाहिन्यांना सवड नाही अशा माणसांच्या खऱ्या गोष्टी तुमचं तीन जणांचं चॅनल शोधून आणतं, असं ती बाई म्हणाली नि मी उगीचच ताठ बसले. मग तिनं विचारलं, साधी माणसं तुमच्यापाशी इतकी मोकळी कशी होतात? तू म्हणालीस, माइक तपासताना मी विचारते, सकाळी काय खाल्लं? खाण्याबद्दल बोलायला लागला की माणूस घाबरायचं विसरतो. आणि हे कुठे शिकलात, तर म्हणे आमच्या एका ज्येष्ठ संपादकांकडून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझे बाबा मात्र नुसतेच हसले.

संपादक कसले डोंबलाचे! जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे तो. कुणी अडकलं की आधी धीर द्यायचा, मग पाना उचलायचा, ही त्यांची पद्धत. दाराशी उकिडवे बसायचे, फटीला तोंड लावायचे नि विचारायचे, सकाळी काय खाल्लंत? एक बाई आतून ओरडली होती, इथे माझा जीव चाललाय आणि तुम्हाला न्याहारीचं पडलंय. दार उघडलं तेव्हा तिचंच बोलणं संपेना, हे ते किती रंगवून सांगायचे. आणि तू? शाळेत होतीस, त्यांचा डबा पोचवायला गेलीस नि स्वतःच अडकलीस. रडून रडून आवाज बसला तुझा. त्यांनी फटीतून विचारलं, तेव्हा तू कबूल केलंस की दूध मोरीत ओतलं. बाहेर आलीस ती ओरडा बसेल म्हणून रडत, लिफ्टचं भय कुठल्या कुठे. लहान होतीस, विसरली असशील. मी नाही विसरले.

पुढे तू नवा माइक आणलास की पहिला बळी तेच. तू विचारायचीस, बाबा, सकाळी काय खाल्लं, आणि ते म्हणायचे, आधी तू सांग, तू काय खाल्लंस? तू वैतागायचीस, आवाज ठीक आला म्हणायचीस नि पुसून टाकायचीस. माझी गोष्ट कधी करणार म्हणून ते छेडायचे, तर तू म्हणायचीस, तुम्ही कुठे पळून चाललाय? काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मी म्हटलं की तेच मला गप्प करायचे. ज्यांचं कुणीच ऐकत नाही त्यांची पाळी आधी, म्हणायचे, माझं ऐकायला ती आहेच की घरात.

आता बस खाली, मघापासून टाळतेय ते सांगते. बाबा अंघोळीला गेलेत, बाहेर गेलेत, झोपलेत, असं मी तुला फोनवर सांगत आले ते खोटं होतं. त्यांचा बसलेला घसा साधा नव्हता, कर्करोग निघाला. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. तू तेव्हा त्या बंद पडलेल्या कारखान्याच्या वस्तीत होतीस. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली त्यांनी मला. तिथली माणसं पहिल्यांदाच तोंड उघडताहेत, म्हणाले, ही मध्येच उठून आली तर पुन्हा बोलायची नाहीत. ऑपरेशनला नेण्याआधी मला वाटलं, माझ्याशी काहीतरी बोलतील. बोलले की. म्हणाले, मोरीचा नळ गळतोय, वायसर बदलून घे. शेवटचं ऐकलं ते एवढंच. नळ मी अजून तसाच ठेवलाय.

परवा आपल्याच इमारतीत वीज गेली नि वरच्या मजल्यावरची छोटी लिफ्टमध्ये अडकली. रडणं ऐकून हे ताटावरून उठले, हात न धुता धावले. दाराशी उकिडवे बसले, फटीला तोंड लावलं. ओठ हलले, चिमणे. तोच प्रश्न होता, मला ओठांवरून कळला. आवाज आला नाही. बाहेर कुणीच नाही असं वाटून ती पोर आणखीच किंचाळायला लागली. हे दार थोपटत माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी वाकले नि त्यांच्या जागी विचारलं. पाव खाल्ला, ती म्हणाली, आणि बोलत राहिली. यांनी दार उघडलं, तिला आईच्या हातात दिलं. वर येऊन स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसले. आवाज नसलेल्या माणसाचं रडणं मला लिहवत नाही.

म्हणून हे पत्र. तुझ्या त्या यंत्रांत, कुठल्यातरी कोपऱ्यात, त्यांचं एखादं माइकपुढचं बोलणं पुसायचं राहून गेलं असेल तर शोध. त्यांचे शब्द मला आठवतात, पण हल्ली ते माझ्याच आवाजात ऐकू येतात, त्याची मला फार भीती वाटते. सापडलं तर पाठवू नकोस, घेऊन ये. नाही सापडलं तरी ये. त्यांच्यापुढे रीतसर माइक ठेव नि विचार. ते हातांनी सांगतील, मी बोलेन. मी तुला लिहितेय हे त्यांनी ओळखलंय. मघापासून पाची बोटं जुळवून ओठांशी नेताहेत नि तुझ्या फोटोकडे बोट दाखवताहेत. तेव्हा बाकी सगळं मागाहून लिही, आधी तेवढं सांग. ते विचारताहेत.

तुझीच,
आई