अर्धा आटा जास्त

बाबा, आज सकाळी गॅलरीत एकटीच बसून मी तुमच्यावर ओरडले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, ऐकायला कोणी नव्हतं, तरी ओरडले. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, काय गं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, सायकल जोडतेय. सत्तेचाळिसाव्या वर्षी तुमची मुलगी सुटे भाग आणून रेसिंगची सायकल जोडतेय, नौपाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, कुणाचा हात न लागू देता. उद्या रविवारी ऑफिसातल्या चौघी घोडबंदर रोडने गायमुखापर्यंत जाणार आहेत आणि मी येते म्हणून सांगून बसलेय. खरं तर माझ्या पायात जोर नाही. हे मला चौदाव्या वर्षापासून पाठ आहे. ते माझ्याकडून कोणी पाठ करून घेतलं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर चाकं झाली, ब्रेक झाले, शेवटी क्रँक बसवला. दोन्ही बाजूच्या दांड्या, ज्यांना पायडल लागतात, आणि मधून जाणारा आस. चेन लावायच्या आधी हाताने फिरवून बघितलं. जरासा ढकलला तर नव्या क्रँकने चार-पाच गिरक्या घ्यायला हव्यात. हा अर्ध्या फेरीत थांबला, कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. माझं डोकंच फिरलं. मग तुम्ही शिकवलंत तसं एकेक करून काढत गेले. आधी वाटलं फ्रेमच्या आट्यांत रंग राहिलाय, बेअरिंगचे कप वाकडे बसलेत. ते काढले, आटे पुसले, ग्रीस लावून परत बसवले, बोटांनीच शेवटपर्यंत सरळ गेले. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं, काही अडकत नव्हतं. उजवी दांडी आसासकट आत सरकवून नुसती फिरवली, छान फिरली. डावी लावून टोकाची प्लास्टिकची टोपी आवळली, की परत जाम. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर दुकानदाराला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, टोपी कशाने आवळली? मी म्हटलं, ती फिरवायला सोबत एक छोटी चकती आलेली, ती हातातून सरकत होती, म्हणून तिला पक्कड लावली. भला माणूस, हसला नाही. म्हणाला, "ताई, ती बोटांनी लावायची. दांडी हलायची थांबली की आपण पण थांबायचं. धरून ठेवायचं काम बाजूच्या दोन बोल्टांचं."

पक्कड लावायला मला कोणी सांगितलं, बाबा? कोणीच नाही. हात आपोआप गेला. आपल्या घरात सगळं तुमच्या हाताने बंद व्हायचं आणि दुसऱ्या कुणाच्या हाताने उघडायचं नाही. मोरीतला नळ तुम्ही फर्स्ट शिफ्टला जाताना असा पिळून जायचात, की पाणी आलं तरी आई पदर गुंडाळून त्याच्याशी झटापट करत बसायची आणि शेवटी समोरच्या काकांना हाक मारायची. मुरांब्याची बरणी, डब्याचं झाकण, देवघराच्या दाराचा स्क्रू, सगळीकडे तुमचं एकच, अजून अर्धा आटा जास्त. कारण मला माहीत आहे. कारखान्यात मशीन थरथरतं, नट सैल होतात, आणि तुमच्या जोडीदाराची दोन बोटं एका सैल नटापायी गेली. हे मी शंभरदा ऐकलंय. पण आई काय मशीन होती? मी होते?

तुम्ही माझ्यासाठी पाना बनवलेला आठवतो. कारखान्याच्या भंगारातली लोखंडी पट्टी, तुम्ही ती कानशीने घासून घरी आणलीत. एका टोकाला आकडी, पायडलच्या आसाजवळची, कपाला धरून ठेवणारी रिंग सोडवायला, दुसऱ्या टोकाला दोन दात, आतला कप फिरवायला. धार राहू नये म्हणून कडा गोल केलेल्या. चाळीत एकाही मुलीकडे असला पाना नव्हता, मुलांकडेही नव्हता. त्याच पान्याने मी शाळेच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी माझी काळी सायकल उघडते. छर्रे रॉकेलमध्ये धुते, ग्रीस भरते, कप आवळते, थोडा सोडते, परत आवळते. पायडल एकदा मारलं की फिरतच राहतं. मी आईला बोलावून दाखवते. एवढ्यात तुम्ही येता, डबा खाली ठेवता, दांडी धरून हलवता. कपाळावर आठी. जरा हलतंय, म्हणता, अर्ध्या रस्त्यात निघेल. दोन मिनिटांत तुम्ही कप आवळून मोकळे. मी म्हणते, बाबा, जड झालं. तुम्ही हात धुता-धुता म्हणता, चालवलीस की बसेल.

नाही बसलं. मानपाडा रोडला शर्यत होती आणि मी शेवटची आले. शेवटची म्हणजे अशी, की सरांनी शेवटाची दोरी गुंडाळायला घेतलेली. मांड्या भरून आल्या होत्या. तुम्ही हाफ डे टाकून आलेलात. सगळ्या मैत्रिणी उभ्या होत्या, त्यांच्या आया उभ्या होत्या, आणि तुम्ही म्हणालात, "पायातच जोर नाही हिच्या."

एवढंच. चिडून पण नाही, मशीन तपासून सांगावं तसं. आणि तुम्ही तपासून सांगितलं म्हणजे विषय संपला. पुढच्या वर्षी सरांनी नाव विचारलं, मी नको म्हटलं. कॉलेजात ट्रेकला नको म्हटलं. तेहतीस वर्षं मी स्टेशनपासून दहा मिनिटांच्या घरी रिक्षाने आलेय, आणि लोक विचारतात तेव्हा हसून सांगते, माझ्या पायात जोर नाही हो. आज टोपी सोडून पुन्हा नुसत्या बोटांनी लावली आणि क्रँक ढकलला. तो फिरला, फिरला, फिरतच राहिला. मी दांडी धरून हलवली, जराही हलत नव्हती. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी जाम काय होतं. तळपायाची आग मस्तकात गेली, बाबा. तुम्ही एकदा, फक्त एकदा, घरी येऊन ते पायडल हाताने फिरवून बघितलं असतं. शंभर मशिनं बघितलीत तुम्ही. मुलीची सायकल नाही बघितलीत.

हे पत्र सायकलच्या रिकाम्या खोक्यात टाकतेय, भंगारवाला उद्या नेईल. उद्या मी गायमुखाला जाणार आहे आणि दमले तर दमले म्हणणार आहे, बाकी काही नाही.

फक्त एक गोष्ट मी आईलाही कधी सांगितली नाही. शर्यत सुरू व्हायला अजून वेळ होता आणि तुमचा पाना माझ्या दप्तरात होता. मला दोन मिनिटं पुरली असती. मी तो बाहेर काढला, आकडी रिंगला लावली, आणि परत दप्तरात ठेवला. भीती नव्हती वाटली तुमची. बाबांनी आवळलंय म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं.